साहेब मागे बसलेत आणि पंखावर बर्फ आहे

सुट्टीत नाशिकला आलो की पहिला प्रश्न हाच असतो, एवढ्या थंडीत तिकडे विमान उडतं तरी कसं. अरे उडायला काहीच अडचण नाही, उलट थंड हवा दाट असते त्यामुळे इंजिन जोरात ओढतं आणि पंखांना उचलही चांगली मिळते. खरी कसोटी जमिनीवर.

मी कॅनडात यलोनाइफला एका कंपनीच्या किंग एअर ३५० या दोन इंजिनांच्या छोट्या विमानावर को-पायलट आहे. एअरलाइनसारखा फौजफाटा इथे नसतो, बॅगा आम्हीच चढवायच्या, कॉफी आम्हीच भरायची, आणि ज्यांच्या शब्दावर आमचा पगार होतो ते साहेब आमच्या पाठीमागेच बसलेले.

जानेवारीतली गोष्ट. उणे ३०, आभाळ स्वच्छ, वारा नाही. साहेबांना साधारण ३०० किलोमीटरवरच्या हिऱ्यांच्या खाणीवर मीटिंगला जायचं होतं. रात्रभर विमान गरम हँगरमध्ये होतं, बाहेर काढलं, आणि साहेब फोन संपवून येईपर्यंत हवेतून बर्फाचे बारीक कण पडत राहिले, तशा थंडीत निरभ्र आभाळातूनही ते पडतात आणि उन्हात नुसते चमचमतात. पंख थंडगार असता तर फुंकरीने उडाले असते, पण पंख हँगरच्या उबेत होता, त्यामुळे कण आधी वितळले आणि मग जागच्या जागी गोठले.

कॅप्टन बाईंनी ग्लोव्ह काढून पंखाची पुढची कड चाचपली आणि मला म्हणाल्या, तू पण बघ. डोळ्यांना पंख फक्त ओला वाटत होता. हाताला पॉलिश पेपर लागला. एवढ्या खरखरीनेसुद्धा उचल ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते!

साहेब म्हणाले, एवढासा तर आहे, वेग घेतला की उडून जाईल. बाई शांतपणे म्हणाल्या, चिकटलेला उडत नाही सर, पाऊण तास लागेल. साहेबांचा चेहरा उतरला पण बाई हलल्या नाहीत, त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. मग बर्फ वितळवणारं गरम केशरी फ्लुइड मारून घेतलं आणि शिडीवर चढून उंचावरची शेपटीही मी हाताने तपासली. (निफाडच्या मामाला हे सांगितलं तर त्याला लगेच पटलं, पारा उतरला की तो स्वतः पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत फिरतो.)

उतरताना अजून एक हिशोब असतो. अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची सांगतो आणि थंड हवा आकसलेली असते, म्हणून उणे ३० ला तो धावपट्टीपासून १००० फूट दाखवत असेल तर विमान खरं तर सुमारे १९० फूट खाली असतं. हा फरक देणाऱ्या तक्त्यातले आकडे मी मोठ्याने वाचले, बाईंनी पडताळले, मग प्रत्येक टप्प्याची उंची तेवढी वाढवून घेतली.

उतरल्यावर साहेब परत किती वाजता निघायचं एवढंच विचारून मीटिंगला गेले. आम्ही जेवण बाजूला ठेवून आधी दोन्ही इंजिनांना कव्हरं घातली आणि हीटरचा पाइप लावला, कारण मीटिंग किती लांबेल ते त्यांनाही माहीत नव्हतं.