कुठल्या क्लासला शिकलात? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या लायब्ररीत नवीन सभासद आला की महिन्याभरात कधीतरी हा प्रश्न येतोच. "काकू, हे देवघेवीचं कॉम्प्युटरवरचं सगळं कुणाकडून करून घेतलंत?" मी म्हणते, मीच केलं. मग समोरचा एकदा स्क्रीनकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो आणि दुसरा प्रश्न टाकतो, "कुठल्या क्लासला शिकलात? एमएस-सीआयटी का?" कुठल्याच नाही हो. पुस्तकातून शिकले. पण एवढ्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

साल २००५. पुण्याच्या नारायण पेठेतली ही लायब्ररी सासऱ्यांनी काढलेली, त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. वर्षभर काम चालूच असतं पण खरी धांदल दिवाळी अंकांची. दिवाळीआधी एकदाच वर्गणी भरायची आणि मार्चपर्यंत हवे तेवढे अंक बदलून न्यायचे, अशी योजना. त्या वर्षी ३८० सभासद होते, २१० वेगवेगळे अंक, आणि जे जास्त चालतात त्यांच्या सहा-सहा आठ-आठ प्रती. आणि काउंटरवर रोज संध्याकाळी हेच:

"हा वाचलाय मी."
"मग हा घ्या."
"हाही वाचलाय."
"मग कुठला नाही वाचलात?"
"ते तुम्ही सांगा ना!"

खरं तर बरोबरच होतं त्यांचं. कुणी काय नेलं ते सगळं रजिस्टरात होतं, पण शोधायला बसलं तर मागे रांग लागायची.

पुतण्या तेव्हा इंजिनीअरिंगला होता, त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे आला, त्यात मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस होतं, म्हणजे माहिती टेबलांत ठेवून हवी तशी शोधायचं सॉफ्टवेअर. तो म्हणाला, काकू, याच्यात होईल तुमचं काम, आणि परीक्षा आहे म्हणून गायब झाला. मग अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत मला एक जाडजूड इंग्रजी गाईड मिळालं, साडेआठशे पानांचं, मागच्या कव्हरला सीडीचा खिसा होता पण सीडी नव्हती. वरून पुस्तक ॲक्सेस २००० चं आणि कॉम्प्युटरवर २००३, पण मेनू जवळपास तेच होते त्यामुळे निभावलं. शिकायची वेळ दुपारी १ ते ४. करा विनोद, पण त्या तीन तासांत लायब्ररी बंद असते आणि माझं सगळं शिक्षण त्यातच झालंय.

सीडी नव्हती तरी ॲक्सेससोबत नॉर्थविंड नावाचा एक नमुन्याचा डेटाबेस, म्हणजे माहितीच्या टेबलांचा संच येतो, खाण्यापिण्याच्या मालाच्या एका काल्पनिक व्यापारी कंपनीचा. त्यातल्या मालाच्या टेबलात एक नंबरला काय असावं? चाय! १० खोकी, खोक्यात २० पुड्या, किंमत १८ डॉलर. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पण त्यानंतर बर्लिनचं गिऱ्हाईक, चीज, ऑर्डर, जहाजाचं भाडं असं सुरू झालं आणि तीन आठवडे मी पुस्तकात सांगितलेलं बटण दाबत होते, पुस्तकात दाखवलेलं उत्तर येत होतं, आणि पुस्तक मिटलं की काहीही येत नव्हतं. स्वयंपाकाचा कार्यक्रम टीव्हीवर बघून पोट भरतं का, तसंच ते.

मग मी आपलंच काम घेतलं. पुस्तकातलं टेबल कसं आखावं हे प्रकरण रटाळ वाटलं म्हणून सोडून दिलं आणि थेट फॉर्मच्या, म्हणजे माहिती भरायच्या स्क्रीनच्या, प्रकरणावर उडी मारली, कारण त्यात रंग होते. फॉर्मच्या मागे आकाशकंदिलाचं चित्र वगैरे लावलं. टेबल एकच: सभासदाचं नाव, पत्ता, फोन, मग अंक १, अंक २, अंक ३ असे ओळीने चाळीस रकाने. दोन आठवडे नोंदी केल्या. दिसायला सुरेख. आणि एका संध्याकाळी कुणीतरी विचारलं की अमुक अंक सध्या कुणाकडे आहे, तेव्हा कळलं की तो अंक चाळीसपैकी कुठल्याही रकान्यात असू शकतो, म्हणजे चाळीस ठिकाणी शोधायचं. त्यापेक्षा रजिस्टर बरं की!

मुकाट्याने ते सोडलेलं प्रकरण काढलं. त्यात एक परिच्छेद होता की ही सगळी कल्पना आयबीएममधल्या कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० साली मांडली, माहिती साध्या टेबलांत ठेवायची, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची आणि दुसरीकडे तिचा फक्त नंबर द्यायचा. मी चार वेळा वाचलं, डोक्यात शिरेना. अण्णा शेजारी बसून रजिस्टर भरत होते, सहज नजर गेली तर लिहिलेलं: तारीख, २१७, ८४/३, सही. बस. २१७ म्हणजे सभासद, त्याचं नाव-पत्ता सभासदांच्या लाल रजिस्टरात. ८४ म्हणजे अंक, त्याचं नाव-किंमत अंकांच्या वहीत, आणि ३ म्हणजे तिसरी प्रत. अहो, हा माणूस कॉडच्या आधीपासून हेच करत होता, पेन्सिलने! त्या दुपारी मला ते प्रकरण कळलं. सभासद, अंक, प्रती आणि देवघेव अशी चार टेबलं केली, चाळीस रकान्यांचं टेबल उडवून टाकलं, आकाशकंदीलही गेला.

अण्णांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग यात नवीन काय आहे?"

यानंतर चुका झाल्या त्या भरपूर, पण आता निदान का झाली ते कळायचं. एकदा क्वेरीत, म्हणजे टेबलांना विचारायच्या प्रश्नात, सभासद आणि अंक ही दोन टेबलं घेतली आणि त्यांना जोडणारी मधली टेबलं घ्यायची विसरले, तर ७९,८०० ओळी आल्या, म्हणजे ३८० गुणिले २१०, प्रत्येक सभासदासमोर प्रत्येक अंक. एकदा पुस्तकात बघून रिलेशनशिपमध्ये, म्हणजे टेबलांच्या जोडणीत, कॅस्केड डिलीटवर टिक केली आणि एका सोडून गेलेल्या सभासदाला काढलं, तर त्याच्याबरोबर त्याची सगळी देवघेवही गेली. विचारलं होतं हं कॉम्प्युटरने, मीच न वाचता येस केलं.

तारखांनी मात्र रडवलं. ॲक्सेसमध्ये क्वेरी जाळीसारख्या तक्त्यात करता येते आणि एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत हाताने लिहूनही करता येते. तक्त्यात आपल्या पद्धतीने दिवस आधी लिहिला तर चालतं, पण एसक्यूएलमध्ये तारीख अमेरिकन, महिना आधी. मी ०५/११/२००५ लिहिलं की तो ११ मे समजायचा आणि शून्य नोंदी दाखवायचा. आणि गंमत म्हणजे २५/११ लिहिलं की बरोबर यायचं, कारण पंचविसावा महिना नसतो म्हणून तो आपणहून उलटं करून घेतो. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत बिघडलेलं आणि नंतर चांगलं, असं काहीतरी भुताटकीचं चाललेलं. आठ दिवस घालवले मी यात.

आणि मराठीबद्दल त्या पुस्तकात अर्थातच काही नव्हतं. सुरुवातीला मी सगळी नावं एका जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाकली. दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. आडनावाप्रमाणे लावायला गेले तर शिंदे, निकम, चितळे, लिमये सगळे एकाच ठिकाणी गोळा! कारण त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, त्यामुळे कॉम्प्युटरच्या हिशेबी हे सगळे वेलांटीच्याच घरातले. मग पुतण्याने विंडोज एक्सपीच्या सीडीवरून युनिकोडची, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीची, सोय चालू करून दिली, मी इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड शिकले आणि सगळी ३८० नावं पुन्हा भरली. तेव्हा ती बऱ्यापैकी बाराखडीने लागली.

आता मुख्य गोष्ट, कुठला नाही वाचला. ॲक्सेसमध्ये न जुळणाऱ्या नोंदी शोधायचा एक विझार्ड आहे, प्रश्न विचारत पायरी-पायरीने क्वेरी करून देणारा. तो चालवला तर कुणीच न नेलेले अंक आले, तीन होते, तिन्ही आरोग्यावरचे. मला हवे होते एका सभासदाने न नेलेले. सभासद नंबरची अट त्याच क्वेरीत घातली की यादी रिकामी, कारण जो अंक त्याने नेलाच नाही त्याच्यासमोर त्याचा नंबर असणार कुठून? तीन दुपारी गेल्या. उत्तर असं की आधी एक क्वेरी त्या सभासदाच्या देवघेवीची करायची, चौकटी कंसात "सभासद क्रमांक?" लिहायचं म्हणजे चालवताना तो विचारतो, आणि मग त्या क्वेरीवर दुसरी क्वेरी, अंकांच्या यादीतून तिच्यात नसलेले काढायचे. क्वेरीवर क्वेरी ठेवता येते हे पुस्तकात एका ओळीत होतं, अगदी तळाला.

त्या डिसेंबरात मी पहिल्यांदा काउंटरवर एका सभासद काकांना नंबर टाकून यादी काढून दिली. काका यादी वाचत उभे राहिले आणि म्हणाले, "यातले दोन मी वाचलेत. मेहुण्याकडे." आता याला कुठलं सॉफ्टवेअर पुरणार!

अण्णांनी त्या वर्षी पूर्ण हंगामभर रजिस्टरही चालू ठेवलं. मार्चमध्ये ताळा केला तर एका प्रतीचा फरक, आणि चूक माझी निघाली. पुढे २००७ ची आवृत्ती आली, मेनू जाऊन वर रिबन नावाची बटणांची पट्टी आली आणि गाईडमधली निम्मी चित्रं जुळेनाशी झाली, पण तोवर मला ते फारसं लागत नव्हतं. टेबलं मात्र आजही तीच चार आहेत.

हे सगळं ऐकल्यावर बरेच जण विचारतात की ते पुस्तक बघायला मिळेल का. नाही मिळणार. कुणीतरी आठ दिवसांत देतो म्हणून नेलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. लायब्ररीचं नव्हतं, माझं स्वतःचं, म्हणून त्याला नंबर दिला नव्हता आणि कुणी नेलं त्याची नोंदही कुठे केली नाही.