आठशेचा कार्ब्युरेटर आणि उसाचं पेट्रोल

रविवार, रात्र

आमच्या मारुती आठशेचं दुखणं एकदाचं सापडलं, कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत गाडी मस्त पळायची. चौकात पाय उचलला की आचके द्यायची आणि बंद. सकाळी चोक ओढला की चालू राहायची, चोक आत ढकलला की पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने नीट ऐकूनही न घेता निकाल दिला, “कार्ब्युरेटर नवा टाका, नाहीतर गाडीच काढून टाका.” त्याच्याकडची पोरं आता स्कॅनर लावून बिघाड शोधतात. आमच्या १९९७ च्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही, त्याला ते तरी काय करणार!

रेसवर चालते म्हणजे पंप, प्लग, मेन जेट सगळं ठीक. घोळ फक्त आयडलिंगच्या, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन चालू ठेवणाऱ्या पेट्रोलच्या वाटेत. त्या वाटेवर मुख्य संशयित दोन: पायलट जेट, म्हणजे हे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी, आणि पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप. हा सोलेनॉइड चावी बंद केली की आयडलिंगचं पेट्रोल थांबवतो, नाहीतर तापलेलं इंजिन चावी काढल्यावरही धडधडत राहतं. चावी फिरवली की त्याचा ‘टक्’ असा आवाज यायला पाहिजे. अप्पांना आत बसवलं आणि मी बॉनेटखाली कान लावला.

“आला का रे आवाज?”

“आला अप्पा.”

“मग खोलतोस कशाला?”

आवाज आला म्हणजे सोलेनॉइड ठीक, संशय उरला जेटवर, म्हणूनच कार्ब्युरेटर खोलायचा होता, पण अप्पांना ते पटवत बसलो असतो तर दुपार तिथेच गेली असती.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, एअर फिल्टरचा डबा उतरवला. व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ बघून भल्याभल्यांचा हात थांबतो. प्रत्येक नळीला कागदी टेप लावून आकडा लिहिला, मोबाइलवर फोटो काढले आणि मोबाइल घरात ठेवून दिला. कार्ब्युरेटर हातात आला तो अंगणातच, उघड्यावर. पेट्रोलचं काम खोलीत करायचं नाही. आई नेमकी तुळशीपुढे दिवा लावायला आली होती, तिला म्हटलं आज दिवा आत देवघरातच लाव. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बोलला.

वरचं झाकण उचललं आणि फ्लोटच्या वाटीच्या तळाशी पांढरी पूड दिसली. बोटाने घासली तर रांगोळीसारखी खरखरीत. कडेला तपकिरी चिकट थर, त्याला जुन्या वार्निशचा वास. पायलट जेट सोडवून उन्हात धरला. त्यातून सुईच्या टोकाएवढा उजेड दिसायला हवा, तर पलीकडे ठार अंधार. जेट पितळेचा असतो, त्यात तार घालून टोकरलं की भोक मोठं होतं आणि माप कायमचं बिघडतं. क्लीनरचा स्प्रे मारला, भिजत ठेवला, टूथब्रशचा एक केस आत घातला, मग सायकलच्या पंपाने हवा मारली. परत उन्हात धरला तेव्हा बारीक गोल ठिपका दिसला. खोटं कशाला बोलू, ऑफिसात महिन्याचा हिशेब जुळला तरी एवढा आनंद होत नाही.

ती पांढरी पूड कुठून आली? गाडी पावसाळाभर अंगणात उभी होती, वाटीत पेट्रोल तसंच साठलेलं. आणि आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. २०१४ च्या सुमारास हे प्रमाण जेमतेम १.५ टक्के होतं, २०२२ मध्ये १० झालं, २०२५ मध्ये २०. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी रोज पळत असेल तर ते जळून जातं, उभी असेल तर पाणी तळाशी बसून धातू खातं. जुन्या रबराशीही त्याचं जमत नाही. वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडलचं रबरी टोक फुगलेलं निघालं. ते आणि सगळी पॅकिंग नव्या किटमधली घातली.

लोक इथेनॉलला सरसकट शिव्या घालतात. मला तसं करता येत नाही. आमचाच ऊस कारखान्याला जातो, इथेनॉलचा पैसा आला तर एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव, वेळेवर मिळेल ही आशा आम्हीच धरून असतो. म्हणजे शेतात मी त्याच्या बाजूने आणि बॉनेटखाली त्याच्या विरोधात. माझी तक्रार वेगळी आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या पेट्रोलसाठी बनल्यात, त्यांनी ते खुशाल जाळावं. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर दुसरं साधं पेट्रोल निवडायची सोय तरी ठेवायची!

शिवाय हवेचं गणित बदलतं ते वेगळंच. निव्वळ पेट्रोलला १ भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेली नवी गाडी सेन्सरवरून पेट्रोल वाढवून घेते. कार्ब्युरेटरला मेंदू नाही, जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल. मिश्रण पातळ होतं, इंजिन आयडलिंगला अडखळतं. म्हणून आयडलिंगचं पेट्रोल कमीजास्त करणारा मिक्स्चरचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घेतला, मग नेहमीपेक्षा थोडा जास्त बाहेर ठेवला. इंजिन तापल्यावर आवाजावर जुळवला. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, थरथर थोडी राहणारच. पण आता पाय काढला तरी बंद पडत नाही. अप्पांनी स्वतः शेजारी बसून खात्री करून घेतली, एसटी स्टँडपर्यंत जाऊन आलो. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर “पाय काढ, पाय काढ” चालूच होतं.

एक काम राहिलंय. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची पेट्रोलची नळी दाबली की बोटाला काळं लागतं, म्हणजे रबर आतूनही सुटत असणार. आज साफ केलेला जेट तेच कण पुन्हा बुजवतील. उद्या बाजारातून इंजेक्शनच्या गाड्यांना लावतात ती नळी आणायची, साधी रबरी नाही. दुकानदार दुप्पट भाव सांगेल, सांगू दे. मंगळवारी अप्पांना डोळे तपासायला मिरजेला न्यायचंय, त्याआधी ती बदलायला हवी.