तुम्ही विचारलंत म्हणून: पळायचं एकट्यानं, मग टीम कसली?

मी कॉलेजात क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानातनं लांब पळायची शर्यत, पळायचो हे आमच्या बँकेच्या शाखेत कळल्यापासून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. बहुतेक चहाच्या वेळी. "कबड्डीत टीम असते, खो-खोत असते. पळायला कसली टीम? ज्याचे पाय त्याचे."

बँकेतली माणसं, त्यामुळे मी बेरजेपासून सुरुवात करतो. संघातले सहा जण पळतात, त्यांतले पुढचे चार मोजले जातात. जो कितवा आला, तेवढे त्याचे गुण. चौघांची बेरीज करायची आणि जिची सगळ्यांत कमी, ती टीम पहिली. तुमचा एक पोरगा शर्यत जिंकला तर एक गुण. चौथा साठावा आला तर साठ. म्हणजे पहिल्यानं जिवाचं रान करून जे राखलं, ते चौथा एकटा उधळू शकतो. आणि चौथा आलाच नाही, वाटेत कुठं बसला, तर टीमचं नावच यादीतून जातं.

आमच्या टीमचा चौथा मी होतो.

साल २०१८. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, शिवाजी विद्यापीठाचं, लहान. मैदान म्हणजे मुरमाचा एक तुकडा, त्यावर स्पर्धेपुरती फक्की मारलेली. कॉलेजात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. इथंही तीच नावं वापरतो, खरी लिहायला कुणाची परवानगी घेतलेली नाही. मार्डी आमचा एक नंबर. वडिलांच्या मेंढरांमागं फिरून त्याच्या पायांना काय झालं होतं कोण जाणे, चढ आला की तो सावकाश व्हायचाच नाही. मग पळशी, मग कुकुडवाड, मग मी मलवडी, माझ्या मागं बिजवडी. सहावा वावरहिरे, त्याला आमच्या खेळाच्या सरांनी कबड्डीतून उचलून आणला होता. "दम हाय त्याला, वळण लावू," असं सर म्हणाले. वळण शेवटपर्यंत लागलं नाही. दहा किलोमीटरभर तो रेड टाकायला निघाल्यासारखा एकदम सुटायचा आणि मग चालायचा.

आमच्याकडं पळणारी पोरं कमी नाहीत. पहाटे पाचला दहिवडीच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, अंधारातनं पावलं ऐकू येतात. पण ती पळतात भरतीसाठी. त्या वेळी सैन्यभरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले की पळण्याचे पूर्ण ६० गुण मिळत. त्यामुळं सगळ्यांच्या डोक्यात सोळाशेच. सोळाशेचा पोरगा दहा किलोमीटरला उभा केला की तिसऱ्या किलोमीटरला त्याचा दम संपतो आणि पुढचे सात किलोमीटर तो सरांना शिव्या घालत पळतो. आमचे जून-जुलै हा वेग उतरवण्यात गेले. रविवारी शिखर शिंगणापूर. चैत्रात जिथून कावडी चढवतात त्या मुंगी घाटाच्या बाजूला सर आम्हाला चढायला लावायचे आणि स्वतः वर मोटरसायकलला टेकून उभे राहायचे. सरांचा एकच नियम होता: आज चौथ्याच्या वेगानं जायचं. म्हणजे माझ्या. मार्डीला ही शिक्षा वाटायची. त्याला पुढं जाता यायचं नाही आणि मला मागं राहता यायचं नाही.

ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्यातून पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी पळून त्या दहाव्या आल्या होत्या. त्यामुळं लोकांना निदान लांब पळणं हा प्रकार माहीत होता. आमच्या हंगामातच, सप्टेंबरात, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळेनं भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० सेकंदांत स्टीपलचेस काढली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. साबळे सैन्यात जाऊन क्रॉस कंट्री पळूनच पुढं आलेला. ती बातमी ग्रुपवर आली आणि पळशीनं त्याच दिवशी आम्हाला सांगितलं, "माझी भरती हाय, झोनलच्याच आठवड्यात."

सर काही बोलले नाहीत. काय बोलणार? घरी दोन एकर कोरडवाहू आणि त्या साली पाऊस रुसलेला. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत माण होताच. अशा घरातल्या पोराला विद्यापीठाच्या मेडलसाठी भरती सोड म्हणायला तोंड लागतं.

तर झोनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेला, आम्ही पाच.

सातारा विभागाची ती स्पर्धा जावळी तालुक्यात होती. हे माणच्या पोरांना काय वाटतं ते बाहेरच्याला समजावून सांगणं अवघड आहे. जिल्हा एकच. पण आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर लोक हरखतात, आणि त्या बाजूला महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर पडतो. आम्ही चिखलात पळालोच नव्हतो. चिखल कुठला? आम्ही खडी, मुरूम, बाभळीचे काटे यांतले तरबेज. तिथं भातखाचरांच्या कडेनं वाट काढलेली, लाल माती लोण्यासारखी, एक ओढा आडवा, आणि वर धुकं असं की पुढचं निशाण दिसेना. अडीच किलोमीटरचे चार लॅप. स्थानिक पोरं खाचराच्या बांधावरनं उड्या मारत जात होती आणि आम्ही प्रत्येक पावलाला हात पसरून तोल सावरत होतो, दहीहंडीच्या वरच्या थरावर चढल्यासारखे.

दुसऱ्या लॅपला कुकुडवाडचा डावा बूट चिखलानं गिळला. तो थांबला, वाकला, हात घातला, बूट मिळेना. सर कडेनं ओरडले, "सोड त्याला!" बूट म्हणाले का पोरगा म्हणाले ते त्याला कळलं नाही, पण तो निघाला, एका पायात मोजा. तिसऱ्या लॅपला वावरहिरे ओढ्याच्या कडेला बसलेला दिसला. घोट्याला हात लावून. मी त्याच्या शेजारून गेलो आणि दहा पावलं पुढं गेल्यावर माझ्या डोक्यात हिशोब झाला: मार्डी, कुकुडवाड, मी, बिजवडी. चारच. आता कुणालाही बसता येणार नव्हतं.

इथं मी चहाला जमलेल्यांना थांबवतो, कारण त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर ह्या शेवटच्या लॅपात आहे. सात किलोमीटरच्या पुढं माझ्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. सुरी फिरवल्यासारखी. एकट्याच्या शर्यतीत मी बसलोच असतो, याबद्दल मला अजिबात शंका नाही. सरावात मी दोनदा बसलो होतो. पण पुढं एक पोरगा एका बुटात पळतोय हे माहीत असताना बसायचं कसं? मी चाललो, पोट दाबून, मग परत पळालो. मागून बिजवडी येत होता आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी दोरी बांधून चिंचोळी गल्ली केलेली असते, तिच्यातून एकामागोमाग जायचं आणि टोकाला बसलेला माणूस हातात क्रमांकाची चिठ्ठी देतो. चिठ्ठी माझ्या हातातल्या चिखलानं भिजली. आमची टीम दुसरी आली आणि आंतरविभागीयसाठी कोल्हापूरला गेली. वावरहिरेचा घोटा आठ दिवसांत बरा झाला. कुकुडवाडचा बूट आजही जावळीतच आहे.

क्रॉस कंट्री एकेकाळी ऑलिंपिकमध्ये होती, हे सरांनी परतीच्या एसटीत सांगितलं. १९२४ साली पॅरिसला शेवटची झाली. भयंकर उन्हाचा दिवस. ३८ जण निघाले आणि १५ पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी आरामात जिंकला, दुसराही त्यांचाच. पण टीमसाठी तिघे लागत होते, आणि तिसरा, लीमाताइनेन नावाचा, शेवटच्या काही मीटरवर भेलकांडत होता. तो बारावा आला तेव्हा कुठं फिनलंडला सांघिक सुवर्ण मिळालं. सगळे देश धरून तीनच टीम पूर्ण झाल्या. त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला तो गेलाच. नुर्मी सगळ्या जगाला माहीत आहे. मला मात्र बाराव्याचं नाव पाठ आहे, आणि ते उच्चारताना बरोबर उच्चारतो की नाही याची फिकीर मी करत नाही.

कोल्हापूरला पळशी परत आला. भरतीत पळण्याचे गुण पूर्ण, निकाल यायचा होता. पोरगा हवेत. विद्यापीठाच्या त्या विस्तीर्ण आवारात, माळावरनं आणि झाडांतनं वाट आखलेली, जमीन टणक, आमच्या पायांच्या ओळखीची. सातारा, सांगली, कोल्हापूर अशा तिन्ही विभागांतली पोरं. आम्हाला वाटलं होतं, चिखल नाही म्हणजे आपलं राज्य. पण टणक जमीन सांगलीच्या पोरांनाही आवडते, आणि जतकडची पोरं म्हणजे आमच्यासारखीच, दुष्काळात वाढलेली.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चांगली शर्यत आठवत नाही, हा माझा अनुभव आहे. मार्डी तिसरा आला. विद्यापीठाच्या संघात निवडला गेला. पळशी नववा. कुकुडवाड नवे बूट घालून चौदावा. मी सव्विसावा. बिजवडी माझ्या लगेच मागं, सत्ताविसावा. वावरहिरे एकेचाळिसावा, आणि ह्या वेळी न बसता.

तीन, नऊ, चौदा, सव्वीस: बावन्न.

तिसऱ्या नंबरासाठी आमच्याशी बरोबरीत आलेल्या टीमचे सहा, अकरा, पंधरा आणि वीस. बेरीज तीच, बावन्न. मोजणारे गुरुजी दोनदा पेन फिरवून थांबले. मग नियमाचं पुस्तक उघडलं. बरोबरी झाली तर ज्या टीमचा शेवटचा मोजला जाणारा पोरगा पुढं, ती टीम वर. त्यांचा चौथा विसावा. आमचा सव्विसावा. आम्ही चौथे.

ह्यावर शाखेतले लोक "अरेरे" म्हणतात आणि कप ठेवतात. मला त्यांना पंचविसाव्याबद्दल सांगायचं असतं. निळा बनियन, पाठीवर घामाचा नकाशा, माझ्यापुढं दहा-बारा पावलं, शेवटचा अर्धा किलोमीटर तेवढाच. तो एक माणूस गाठला असता तर आमची बेरीज एक्कावन्न. नियमाचं पुस्तक उघडायचीच गरज नव्हती. मला हे पळताना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं, पळताना आकडे दिसत नाहीत, पाठी दिसतात.

टीममधलं कुणी मला काही बोललं नाही. मार्डीनं एसटीत खिडकीची जागा दिली, एवढंच. सर तिकिटाच्या मागं परत परत बेरीज करत होते, जणू एखादा हातचा राहिला असेल. विट्याच्या स्टँडवर भजी खाल्ली, त्याचे पैसे सरांनी दिले आणि प्रवासभत्त्यात धरले नाहीत.

पळशी आता सैन्यात आहे. कुकुडवाडनं पोल्ट्री टाकली. मार्डी अजून पळतो. मी सकाळी साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात जातो, पोट आत ओढून. बिजवडी जत्रेला भेटतो आणि दरवर्षी एकच वाद काढतो. त्याचं म्हणणं, शेवटच्या दोन किलोमीटरला त्याच्यात दम शिल्लक होता, पण मी चौथा म्हणून त्यानं मला मागून ढकलत नेलं, ओलांडलं नाही. "मी पुढं गेलो असतो तर आपला नंबर लागला असता," असं तो म्हणतो. मी त्याला सांगतो की बाबा, तू मला ओलांडलं असतंस तर तू सव्विसावा आणि मी सत्ताविसावा. बेरीज बावन्नच. मी हे जत्रेतल्या मातीत काडीनं लिहूनही दाखवलं आहे. तो आकड्यांकडं बघतो, मान हलवतो, आणि म्हणतो, "ते खरं. पण मी त्या निळ्यालापण घेतला असता."