आमची वाटचाल: शहाबादीपासून फलोदीपर्यंत

आमच्या दादांनी म्हणजे वडिलांनी फरशीचं काम सुरू केलं तेव्हा नाशिकात घराला खाली शहाबादी, थोडी ऐपत असेल तर कोटा आणि बंगला असेल तर मोझॅक, एवढाच विषय होता. दादा स्वतः मिस्त्री. सायकलच्या कॅरियरला पाण्याची लेव्हल नळी गुंडाळलेली असायची, आणि कुठल्याही साइटवर गेले की फरशीचं नाव काढायच्या आधी ती नळी चारही कोपऱ्यांना लावून बघायचे, कुठे किती भरणी लागणार ते. गिऱ्हाईक विचारत राहायचं दर काय, दर काय, आणि दादा म्हणायचे, थांबा शेठ, आधी खाली काय आहे ते बघू द्या. नाशिकच्या काळ्या मातीवर ग्राउंड फ्लोअरची भरणी नीट ठोकली नसेल तर दोन पावसाळ्यात फरशी खचते, हे त्यांनी खूप ठिकाणी बघितलेलं.

पुढे गुजरातेतल्या मोरबीचा व्हिट्रिफाइड माल, म्हणजे कारखान्यात भाजलेल्या कडक टाइल्स, आला आणि सगळा धंदाच बदलला. मी दुकान टाकलं, धाकटा भाऊ साइट बघायला लागला, गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशी कामं मिळत गेली. तो सगळा काळ चांगलाच गेला, पण त्यात इतरांपेक्षा वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

वेगळं काम आलं ते पंचवटीतल्या आमच्या एका जुन्या किराणावाल्या शेठजींमुळे. त्यांचं मूळ गाव राजस्थानात फलोदीजवळ, तिथे त्यांनी नवीन घर बांधायला काढलं आणि म्हणाले, फरशीचा अंदाज तुम्हीच काढून द्या, आमचा तुमच्यावर विश्वास आहे. फलोदी म्हणजे थरचं वाळवंट, 19 मे 2016 ला तिथे 51 अंश तापमान नोंदवलं गेलंय. मी प्लॅन मागवून घेतला, भावाला साइट बघायला पाठवलं आणि मग कागदावर बसलो.

आकडेमोड सगळीकडे सारखीच असते. घराचं आतलं क्षेत्र 1200 चौरस फूट, भिंतीच्या तळाला लावायची चार इंची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, 360 रनिंग फूट म्हणजे आणखी 120, झाले 1320, त्यावर कटिंग-तुटफूट 8 टक्के धरली की साधारण 1426. दोन बाय दोन फुटी टाइलच्या बॉक्समध्ये चार टाइल्स, टाइल मुळात 600 मिलिमीटरची म्हणून साडेपंधरा चौरस फूट, म्हणजे 92 बॉक्स. खाली दोन इंच माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, धरला तर 200 घनफूट, कोरड्या सिमेंट-वाळूत साधारण 266, आणि एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू धरली की तीसेक गोण्या सिमेंट आणि सव्वादोन ब्रासच्या (ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास वाळू. इथपर्यंत नाशिक काय आणि फलोदी काय, काहीच फरक नाही.

फरक पुढे पडतो. वाळवंटात वाळूला काय तोटा असं कुणालाही वाटेल, पण टेकड्यांवरची उडती वाळू बारीक आणि गोलसर असते, ती मालात धरत नाही, त्यामुळे नदीपात्रातली जाडसर वाळू, म्हणजे बजरी, लांबून मागवावी लागते आणि तिचं भाडं अंदाजात वेगळं लिहावं लागतं. पाण्याचंही तेच. त्या पट्ट्यात मिठागरं आहेत, बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं, तेच मालात वापरलं तर पुढे सांध्यांतून आणि दगडातून पांढरे क्षार वर येतात आणि कितीही पुसा, परत येतात. म्हणून मालाला आणि तो नंतर ओला ठेवायला, म्हणजे क्युरिंगला, गोड्या पाण्याचे टँकर धरले. उन्हाळ्यात तिथल्या कोरड्या वाऱ्यात कोब्यातलं, म्हणजे टाइलखालच्या मालाच्या थरातलं, पाणी इतकं पटकन उडतं की ओलं गोणपाट टाकून सारखं भिजवत राहिलं नाही तर बारीक तडे जातात आणि वर लावलेली टाइल पोकळ वाजते. टाइल चिकटवायचं तयार अॅडहेसिव्ह वापरलं तर ते पसरल्यावर थोड्याच वेळात वरून साय धरतं, मग टाइल चिकटल्यासारखी दिसते पण चिकटलेली नसते. म्हणून एका वेळी थोडंच पसरायचं, काम पहाटे आणि संध्याकाळी करायचं, दुपारी बंद. दिवसाला काम कमी होतं, तेवढी मजुरी वाढते. हे शेठजींना आधीच सांगितलं, कारण बिलात अचानक दिसलं की माणूस दुखावतो आणि ते बरोबरच आहे.

धूळ हा तर अंदाजात कुणी धरतच नाही असा खर्च. आंधी आली की टाइलच्या मागे आणि कोब्यावर पावडर बसते आणि मग पकड राहत नाही. आम्ही लिहून दिलं की खिडक्या-दारं बसल्याशिवाय फरशी सुरू करायची नाही, आणि प्रत्येक टाइलची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसूनच लावायची, त्यासाठी एक बिगारी जास्तीचा.

शेठजींच्या सूनबाईंना बेडरूममध्ये वुडन फ्लोअरिंग हवं होतं. हवा महिनोन् महिने कोरडी, मग पावसाळ्यात एकदम दमट, त्यात लाकूड आकसतं-फुगतं आणि फटी पडतात, फटीत रेती जाते. मी त्यांना लाकडी दिसणाऱ्या टाइलच्या पट्ट्या दाखवल्या, त्या त्यांना आवडल्या. हॉलला फिकट मॅट माल सुचवला, कारण काळ्या चकचकीत फरशीवर तिथे तासाभरात धूळ दिसते आणि पायाखालच्या रेतीने पॉलिश ओरखडतं. अंगणाला जोधपूरचा दगड, तो तिथे जवळचा, भाडं कमी, आणि फिकट रंगाचा घेतला की काळ्या दगडाइतका पायाला भाजत नाही.

आता माझ्या दुकानाचा प्रश्न. 92 बॉक्स म्हणजे अडीच टनांच्या वर वजन, तो माल मोरबीहून नाशिकला आणायचा आणि इथून परत राजस्थानात पाठवायचा याला काही अर्थ नव्हता. मोरबीहून थेट फलोदीला गाडी लावली, मी फक्त अंदाज आणि देखरेखीचे पैसे घेतले. भाऊ म्हणाला मार्जिन गेलं, पण गिऱ्हाइकाला दोनदा भाडं भरायला लावून कमावलेलं मार्जिन मला नको होतं, आणि त्याच घरामुळे पुढे बाडमेर-बिकानेरकडची गावं असलेली इथली बरीच मारवाडी कुटुंबं आमच्याकडे आली.

तेव्हापासून नाशिकच्या कामालाही आम्ही अंदाज तसाच देतो. फरशीचा दर एका ओळीत, आणि खालची भरणी, वाळू, पाणी, भाडं, वर चढवणावळ, सांधे भरायचं ग्राउट, जीएसटी सगळं वेगवेगळ्या ओळीत. सिमेंटचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, ओळ वेगळी असल्यामुळे जुने अंदाज बदलून देताना काहीच अडचण आली नाही, तेवढे पैसे सरळ कमी करून दिले.

तुमचं गाव तिकडचं असेल आणि घर काढायचं असेल तर येताना प्लॅन, तळाचे फोटो आणि तिथल्या बोअरचं बाटलीभर पाणी घेऊन या, म्हणजे त्याच दिवशी बोलता येईल.