आमची वाटचाल : रिमार्क्सचा रकाना

आम्ही व्हीपॅट करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे ते मतदानाच्या मशीनचं?" माझ्या सासूबाईंनी तर नात्यात सगळीकडे सांगून ठेवलंय की सूनबाईंची कंपनी निवडणुकीची कामं घेते. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. त्या व्हीव्हीपॅटमध्ये एक 'व्ही' जास्त आहे, एवढंच.

आमचं व्हीपॅट म्हणजे अमेरिकेतल्या आयटीआय या उद्योगसंघटनेने बनवलेला कोरा तक्ता. तुमचं सॉफ्टवेअर न दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, हात नीट न चालणाऱ्या माणसाला वापरता येतं का, हे त्यात एकेका निकषापुढे लिहायचं. भरलेल्या तक्त्याचं खरं नाव एसीआर, पण बाजारात दोन्हीला व्हीपॅटच म्हणतात. अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्याला सॉफ्टवेअर विकायचं तर कलम ५०८ (सरकारी सॉफ्टवेअर अपंगांनाही वापरता आलं पाहिजे, हा तिथला नियम) आडवं येतं, आणि विद्यापीठंही खरेदीआधी हाच कागद मागतात.

या धंद्यात आम्ही ठरवून आलो नाही. २०१३ साली सिंहगड रोडला दोन खोल्या घेऊन साधं सॉफ्टवेअर टेस्टिंग सुरू केलं होतं. २०१९ मध्ये पुण्यातल्याच एका क्लायंटचा फोन आला. त्यांचं परीक्षांचं सॉफ्टवेअर तिकडचं एक विद्यापीठ घेणार होतं. "मॅडम, एक फॉर्म आहे, शुक्रवारपर्यंत भरून द्या." तेव्हा बुधवार होता. आम्ही एक फुकटचं टूल चालवलं, जवळजवळ सगळं हिरवं आलं, आणि ओळीमागून ओळ, निकष पाळलाय अशा अर्थाचं, 'सपोर्ट्‌स' चिकटवत गेलो. डब्ल्यूसीएजी २.१ ही वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी (ॲक्सेसिबिलिटी) म्हणून केलेली जागतिक नियमावली; तिच्या ए आणि डबल ए या पातळ्यांचे मिळून ५० निकष; त्यातल्या ४७ पुढे सपोर्ट्‌स, तिघांपुढे 'लागू नाही'. रिमार्क्सचा रकाना कोरा.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाची चार ओळींची मेल आली. तिकडच्या तपासणाऱ्या बाईंनी माऊसला हात न लावता परीक्षेची तारीख निवडून पाहिली होती. टॅब दाबत कॅलेंडरमध्ये शिरल्या, आणि बाहेर पडायला वाटच नाही. शिफ्ट-टॅब चालेना, एस्केप चालेना. निकष २.१.२, कीबोर्ड कुठे अडकून पडता कामा नये. आमच्या कागदावर त्यापुढे सपोर्ट्‌स! मेलमध्ये रागाचा एक शब्द नव्हता. फक्त विचारलं होतं, हे कोणी वापरून पाहिलं होतं का? क्लायंटचा सौदा चार महिने लटकला. आमचं बिल बुडालं, आणि ते बुडायलाच हवं होतं.

त्यानंतर मास्तर आले. जन्मांध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, घरी मुलांना गणित शिकवायचे म्हणून मास्तर. पहिल्या दिवशी त्यांनी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकायला सांगितला (तोही फुकट आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं), आणि म्हणाले, "तो उंदीर ठेवा ड्रॉवरमध्ये." त्यांनी आवाजाचा वेग इतका वाढवला की आम्हाला नुसती किरकिर ऐकू येत होती. मग आमच्यासाठी हळू केला. क्लायंटची ती सुंदर आयकॉनवाली पट्टी ऐकू आली ती अशी : बटन. बटन. बटन. ग्राफिक. बटन. मास्तर म्हणाले, "लिफ्टमध्ये शिरलात आणि सगळे आकडे खरवडून काढलेत. आता दाबा तिसरा मजला."

टूल काय पाहतं, तर चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द) आहे का. त्यात फाईलचंच नाव टाकलं असलं तरी ते बहुधा खूश. हे कळायला माणूसच लागतो.

रिमार्क्सचा रकाना भरायला आम्ही मास्तरांकडून शिकलो. 'पार्शली सपोर्ट्‌स' एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या पडद्यावर, कोणत्या बटणापाशी, कोणाचं अडतं, आणि तोवर दुसरी वाट कुठली, हे लिहायचं. मार्केटिंगवाल्यांना हा रकाना डोळ्यांसमोर नको असतो. घेणारा मात्र तो आधी वाचतो. ओळीने सगळीकडे सपोर्ट्‌स दिसलं की त्यालाच शंका येते.

भांडणंही होतात. एका डिझायनरने पांढऱ्यावर करडी अक्षरं घेतली होती, रंगाचा कोड सहा वेळा सात. साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो, त्याचा भरत होता ४.४८. "मॅडम, दोन शतांशासाठी अडवता?" अडवलं. नियमात वरच्या आकड्याला न्यायची सोय नाही. एक छटा गडद केली की काम होत होतं, पण त्यावर तीन मीटिंगा झाल्या.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आयएस १७८०२ हे ॲक्सेसिबिलिटीचं मानक आहे, तरी फोन वाजायला लागले ते २०२५ मध्ये. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या; केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा म्हणत होते, आणि त्यांना ते शक्य नव्हतं. २८ जूनला युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा लागू झाला, जुलैअखेर याच विषयावर सेबीचं परिपत्रक आलं. आता जो तो सर्टिफिकेट मागतो. व्हीपॅट हे सर्टिफिकेट नाही, ते विकणाऱ्याने स्वतःच्या मालाबद्दल स्वतः दिलेलं निवेदन आहे, हे मी आठवड्यातून दोनदा तरी सांगते. फ्रेममध्ये लावता येईल असं काहीतरी द्या, असंही एकाने सांगून पाहिलं.

त्यातच एका पतसंस्थेची मराठी वेबसाइट तपासायला आली. मास्तर ऐकत होते आणि एकदम हसायला लागले. पडद्यावर '५० हजार', कानात 'पचास हज़ार'. पानाची भाषा कोडमध्ये हिंदी लिहिलेली होती, त्यामुळे आवाजही हिंदी. 'एचआय' काढून 'एमआर' लिहायचं, दोन अक्षरांचं काम. निकष ३.१.१. मास्तर म्हणाले, आमच्या आजीला हे व्याज कोणी दिल्लीवाला देतोय असंच वाटलं असतं.

परीक्षावाला तो क्लायंट २०२२ मध्ये परत आला. मला वाटलं, बिलाचं काही उकरून काढतात की काय. त्यांना नव्या आवृत्तीचं व्हीपॅट हवं होतं, आणि या वेळी मुदत सहा आठवड्यांची. कॅलेंडर त्यांनी नव्याने लिहून घेतलं होतं. टॅब आत जातो, बाहेर येतो. २.१.२ पुढे सपोर्ट्‌स लिहिताना माझा हात जरा थांबला, मास्तरांना पुन्हा एकदा करून पाहायला लावलं. ठीक होतं. पण महिना बदलला की स्क्रीन रीडर गप्प बसतो, नवा महिना सांगत नाही. त्या दोषाची वेगळी ओळ पार्शलीच गेली, खाली रिमार्क्समध्ये तारीख हाताने टाइप करण्याची सोय लिहून. क्लायंटच्या मॅनेजरने वाचलं आणि म्हणाला, "एवढं लिहायलाच हवं का?"

मास्तरांनी हेडफोन त्याच्यापुढे सरकवला.