आमचुराची गोणी

२५ डिसेंबर, रात्री

कालपासून ती गोणी डोक्यातून जात नाही. खताची असते तशी पांढरी, अर्धी भरलेली, तोंडाला सुतळी. स्टेजच्या पायरीशी ठेवलेली. हे म्हणाले, "इतकं काय त्यात, विसरले असतील." विसरलेच असतील. विसरले म्हणूनच तर लागलंय.

कार्यक्रम वाईट नव्हता. आश्रमशाळेतल्या पोरांना ब्लँकेटं वाटायची म्हणून धाकटीच्या शाळेने ठेवलेला. पोरांनी जीव ओतून केला. बरेच दिवस आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. धाकटी आणि तिच्या मैत्रिणी गल्लोगल्ली हिंडल्या; ब्लँकेटं, स्वेटर, वह्या, मूठमूठ डाळ-तांदूळ गोळा केले. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये ढीग निवडत बसायच्या. सरांनी बजावून ठेवलं होतं की जे आपण स्वतः अंगात घालणार नाही ते द्यायचं नाही. मग चेन तुटलेलं जॅकेट बाजूला, काखेत उसवलेला स्वेटर बाजूला. तसले स्वेटर ही घरी घेऊन आली आणि जिजींकडून टाके घालून घेतले. जिजींना आता सुईत दोरा ओवता येत नाही, तो ही ओवून द्यायची. सातपुड्यातली थंडी इथे शहाद्यात बसून कळत नाही. तोरणमाळला, तिकडे अक्कलकुव्यातल्या डाबला तर दवबिंदू गोठतात. त्यात आश्रमशाळेतल्या कितीतरी पोरांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते होळीच्या सुमाराला परततात. ब्लँकेटं हवीच होती. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

साने गुरुजींची जयंती म्हणून कालचा दिवस धरलेला. फोटोला हार, मागे 'आंतरभारती' लिहिलेला बॅनर. गरबा झाला, भांगडा झाला, एकीने बहिणाबाईंची कविता अगदी लेवा बोलीच्या ठेक्यात म्हटली, गुजराच्या घरातल्या पोराने गुजरीत गोष्ट सांगितली. अहिराणीवर तर सगळं मैदान हसलं. मग आदिवासी नृत्य. प्लास्टिकची पानं, गालांवर पांढरे ठिपके. आणि समोर पहिल्या रांगेत पावरा नि भिल्ल पोरं बसलेली. ज्यांच्या घरची माणसं होळीला नवस पाळून, व्रत धरून, कमरेला घुंगरं बांधून, मोरपिसांचा टोप घालून नाचतात ती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जाऊ दे, ते आज नको.

गोणी. धडगावकडून आलेल्या गाडीतून दोन मुली ती दोन्ही बाजूंनी धरून उतरल्या. जवळून गेल्या तेव्हा आंबूस वास आला आणि कळलं, आमचूर. तिकडे उन्हाळ्यात घरोघरी हेच काम. गावठी झाडांच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरून फोडी उन्हात टाकायच्या. फोड पांढरी राहिली तर व्यापारी भाव देतो; अवकाळी पाऊस पडला की काळी पडते आणि भाव जातो. सुतळीच्या फटीतून दिसत होत्या त्या फोडी चांगल्या पांढऱ्या होत्या. म्हणजे उरलंसुरलं नव्हतं ते, विकायचा माल होता. उन्हाळ्यापासून जपून ठेवलेला, आणि तो त्यांनी आमच्या पोरांसाठी आणला.

त्यांच्या सरांनी सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंच्या कानात सांगितलं, मी पाहिलं. थोड्या वेळाने मीही जाऊन सांगितलं. "यादीत नाही हो ताई, आणि पाहुण्यांना नंदुरबारला पोचायचंय." माईकची वायर न्यायला कुणीतरी गोणी पायाने सरकवली. पुढे खुर्च्या आल्या, तेव्हा परत सरकवली. ब्लँकेटं वाटताना मात्र सगळं थांबलं. "जरा वर धरा, हां, इकडे बघा, हसा." पोरं ब्लँकेट छातीशी धरून उभी. गोणी आणणाऱ्या त्या दोघीही होत्या त्यात, आणि त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती.

मला का एवढं झोंबलं ते मला माहीत आहे.

आम्ही शिंदखेडा तालुक्यातले. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, असं ते एक साल. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर नावं पुकारून गणवेश वाटले, त्यात माझं नाव. रांगेतून ओट्यापर्यंत चालत जायचं होतं. सगळी शाळा बघतेय, आणि आपण घ्यायला चाललोय. तो निळा स्कर्ट नवाकोरा होता, मला आवडलाही होता, तरी घरी येऊन मी तो ट्रंकेत खाली दडपून ठेवला. आईने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, बांधून दिले आणि म्हणाली, "बाईस्ले सांगजो, मन्ही मायनी धाडात." मी लाजेने अर्धमेली झाले. बाईंना काय बिबडे द्यायचे!

बाईंनी मधल्या सुट्टीत फडकं सोडलं. वर्गातच खुर्चीवर बसून कच्चाच बिबडा कडकन मोडला, डब्यातले शेंगदाणे काढले आणि आमच्या देखत खाल्ला. दुसऱ्या बाईंना बोलावून दिला. मग मला विचारलं, ज्वारी किती दिवस भिजत घातली होती, इतके पातळ कसे झाले. मला कुठलं सांगता येणार! "मग आईला पाठव," म्हणाल्या. आई आली. शाळेची पायरी ती पहिल्यांदा चढली, व्हरांड्यात टेकली आणि बिबड्यांचं सगळं सांगून गेली. बाई वहीत लिहून घेत होत्या. माझ्या आईचं बोलणं कुणी लिहून घेतंय हे मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तो स्कर्ट घालून शाळेत गेले.

त्या बाई भेटल्या नसत्या तर माझं काय झालं असतं, असं काल रात्री वाटत राहिलं. तशीही कुणी काही दिलं की माझ्या पोटात आजही कालवतं. लोकांना वाटतं मी तुटक आहे. द्यायला सगळे शिकवतात. ज्याला दिलं त्याच्या हातून काही घ्यायला कोण शिकवतं? आमच्या बाई काही त्याचं शिक्षण घेऊन आल्या नव्हत्या. गुरुजी १९२४ ते ३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे. नंतर त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी म्हणून. एकमेकांची! त्यात एक प्रांत देणारा आणि एक घेणारा अशी वाटणी कुठे होती? त्यांच्याच फोटोखाली ती गोणी पायाने सरकवली गेली. हेच मला सहन होत नाहीये, आणि हेच फिरून फिरून लिहिते आहे.

(इथपर्यंत लिहून पाणी प्यायला उठले, तर धाकटी जागीच. तिच्याशी बोलून आले, पुढचं लिहिते.)

गोणी हरवली नाही. पाहुणे गेल्यावर हिने नि हिच्या मैत्रिणींनी ती वर्गात नेली आणि सुतळी सोडली. धडगावच्या त्या दोघींतली एक मुलगीही गाडी सुटेपर्यंत त्यांच्यात बसली होती. मीठ लावून फोडी खाल्ल्या म्हणे सगळ्यांनी. हिच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी अजून दोन फोडी आहेत, मला दाखवल्या. कैरीच्या चिकाने बोटांची सालं निघतात, फोडी रात्री आत घ्याव्या लागतात, शेळ्या तोंड घालतात म्हणून लहान भावाला राखण बसवतात. सगळं हिला पाठ. मी दोन तास त्या गोणीकडे बघत बसले होते, पण त्या मुलीचं नाव हिला माहीत आहे, मला नाही.

आणि पुढचंही त्यांचं ठरलंय. डाळ-तांदूळ मूठमूठ गोळा केले त्याच पिशव्यांमध्ये मूठमूठ आमचूर भरायचं आणि शाळेतल्या प्रत्येक पोराच्या घरी पाठवायचं. ज्याने त्याने त्याचं काय केलं ते पत्रात लिहून आश्रमशाळेत धाडायचं. सरांना विचारून झालंय, सर हो म्हणालेत.

"तुला कुणी सुचवलं हे?" मी विचारलं.

"कुणी कशाला सुचवायला हवं? त्यांनी दिलंय ना."

मला रडू आलं. ती म्हणाली, रडायचं काय त्यात, मला पत्रात लिहायला एखादी भाजी सांग. ह्यांना शेवभाजीशिवाय काही सुचत नाही, आणि शेवभाजीत आमचूर कोण घालतं! सकाळी जिजींना विचारते. त्यांच्या माहेरी तुरीच्या वरणात आमचूर घालायचे. किती डाळीला किती फोडी, तेही पत्रात लिहायचंय.