काळी पाच

आमचे बँडमास्तर गेले त्याला संक्रांतीला वर्ष झालं. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे जत्रेचे दिवस, नंदीध्वज निघालेले, गावातल्या सगळ्या बँडांच्या सुपाऱ्या ठरलेल्या. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वराती वाजवल्या, त्याच्यापुढं वाजवायला एक माणूस मिळाला नाही. मीसुद्धा त्या दिवशी बाळीवेशीत वाजवतच होतो. सुपारी घेतलेली.

वर्षभर ते टोचत राहिलं. मग मास्तरांच्या नावानं बँडसाठी एक रचना लिहायला वही उघडली.

फ्रान्सच्या राव्हेल या संगीतकारानं 1914 ते 1917 या काळात ‘ल तोंबो द कुपराँ’ लिहिलं. तोंबो म्हणजे समाधी. सहा भाग, पहिल्या महायुद्धात मेलेल्या मित्रांच्या नावानं. पण रडगाणं नाही. फोरलान, रिगोदों, मिन्युए असले जुने नाच. ते ऐकून मला धीर आला, कारण रडका सूर मास्तरांना खपायचा नाही. "रडायचंय तर घरी रड बे, क्लॅरोनेट भिजवू नको."

म्हणून भैरवी मुद्दाम टाळली. खमाज राग घेतला, आणि जुन्या संगीत नाटकातल्या पदाचा घाट. क्लॅरोनेटनं ओळ म्हणायची, बँडनं ती उचलायची. क्लॅरोनेट, ट्रंपेट, युफोनियम सगळी बी फ्लॅटची, म्हणजे आमचा सा काळी पाच, पेटीवरची पाचवी काळी पट्टी. आल्टो सॅक्स ई फ्लॅटचा. आम्ही ज्या बोटांनी सा काढतो, तिथं त्याला पंचमाची बोटं लागतात. त्याचा कागद वेगळा लिहावा लागतो. मास्तर हे हिशेब तोंडी करायचे, मला दोन रात्री लागल्या.

ताल झपताल. इथंच गोम आहे. दोन-तीन-दोन-तीन अशा दहा मात्रा. चालत वाजवलं तर सम, म्हणजे पहिली मात्रा, डाव्या पायावर, तिसरी मात्रा डाव्यावर, पण सहावी आणि आठवी उजव्यावर. वरातीत हे चालायचं नाही. तेव्हा बसून वाजवायचं ठरलं. मंडपवाल्याकडून बारा खुर्च्या आणल्या.

परवा पहिली तालीम झाली. आमच्यातल्या निम्म्यांनी जन्मात कधी बसून वाजवलेलं नाही, पाय कुठं ठेवायचे तेच कळेना. साईड ड्रमवालं पोरगं तर खुर्चीच्या कडेवर अर्धं उभंच. कुणालाही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांचे पाय आपोआप ठेका धरू लागले आणि सहाव्या मात्रेला सगळ्यांचेच चुकले. जोरात हसलो. युफोनियमवाल्यानं नळीतलं पाणी काढलं, म्हणाला, "आता परत, समेपासून."